वनस्पति तूप : एका निर्वाळ्याचा इतिहास



तूप साजूक कीं वनस्पति, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या काळीं कोणी विचारीत नसे. तूप म्हणजे लोणी कढवून केलेलें तूप. त्या शब्दास दुसरा अर्थ नव्हता. भेसळ त्या काळींही होत असे, परंतु भेसळीचा पदार्थ स्वतःचें निराळें नांव लावून उजळ माथ्यानें दुकानांत बसत नसे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत मात्र तुपासारखा थिजणारा, तुपासारखा रवाळ दिसणारा आणि तुपाहून पुष्कळ स्वस्त असा एक पदार्थ डब्यांत बंद होऊन आपल्या स्वयंपाकघरांत आला. लग्नकार्याच्या पंक्ती, दिवाळीचा फराळ, बेकरींतील खारी आणि नानकटाई यांत त्यानें असें ठाण मांडलें कीं, 'डालडा' हें एका कंपनीच्या मालाचें नांव त्या सबंध जातीचेंच नांव होऊन बसलें.

या पदार्थाची हकीकत सांगणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे. परंतु ही हकीकत केवळ एका खाद्यपदार्थाची नाहीं. शास्त्र एखाद्या वस्तूस 'निर्धोक' म्हणून निर्वाळा देतें, तेव्हां त्या निर्वाळ्याचा अर्थ आपण कोठपर्यंत घ्यावा, हा प्रश्न या हकीकतीच्या मुळाशीं आहे. आणि तो आजही जुना झालेला नाहीं.

कथेचा आरंभ फ्रान्समध्यें होतो. मिशेल युजीन शेव्रल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८११ सालीं साबणाचें पृथक्करण करावयास घेतलें. तेल, चरबी, लोणी हे पदार्थ मुळांत आहेत तरी काय, हें तोंवर कोणास नीट ठाऊक नव्हतें. शेव्रलनें बारा वर्षें हा एकच विषय लावून धरला आणि १८२३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक स्निग्ध पदार्थ म्हणजे ग्लिसरीन आणि कांहीं विशिष्ट आम्लें यांचा संयोग होय, असें त्यानें दाखवून दिलें. हीं आम्लें म्हणजेच मेदाम्लें. चरबींतलें स्टिअरिक आम्ल, तेलांतलें ओलेइक आम्ल, लोण्यांतलें ब्युटिरिक आम्ल हीं नांवें त्याच्याच काळापासून चालत आलीं आहेत. शेव्रल १०२ वर्षें जगला. त्याच्या हयातींतच, १८६९ सालीं, तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून मेज-मूरिये या गृहस्थानें गाईबैलांच्या चरबीपासून लोण्याची स्वस्त प्रतिकृति तयार केली व तिला 'मार्गारिन' हें नांव दिलें. आरमारांतील खलाशांना आणि गोरगरिबांना परवडेल असें लोणी पाहिजे होतें. नकली तुपालोण्याचा जन्म हा असा टंचाईच्या पोटीं झालेला आहे, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेविली पाहिजे.

या काळांतील आणखी एक लहानशी गोष्ट सांगतों; तिचें महत्त्व पुढें कळेल. १८१९ सालीं पूते नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें ऑलिव्ह तेलांतील भेसळ ओळखण्याची एक युक्ति काढली. नायट्रिक आम्लांत पारा विरघळवून तें द्रावण तेलांत टाकलें असतां शुद्ध ऑलिव्ह तेल थिजून घट्ट होई. हें असें कां व्हावें याचा तपास करतांना १८३२ सालीं बूदे या शास्त्रज्ञास ओलेइक आम्लाचें एक जुळें भावंड सांपडलें. त्याला 'इलेडिक आम्ल' असें नांव मिळालें. दोहोंतील कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचें प्रमाण तंतोतंत एकच. पण ओलेइक आम्ल सुमारें १३ अंश सेंटिग्रेडला वितळतें, तर इलेडिक आम्लास वितळण्यास सुमारें ४४ अंश उष्णता लागते. द्रव्य तेंच, गुण मात्र निराळा.

याचें कारण दोघांच्या आकारांत आहे. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या परमाणूंची एक लांब साखळी. स्टिअरिक आम्लांत अठरा कार्बनांची ही साखळी सरळ काठीसारखी असते. ओलेइक आम्लांतही अठराच कार्बन, परंतु साखळीच्या मध्यावर एक दुहेरी सांधा असतो आणि त्या सांध्याशीं साखळी कोपरांत वांकविलेल्या हातासारखी वळते. इलेडिक आम्लांत सांधा तसाच असतो, पण वांक नसतो. साखळी जवळजवळ सरळच जाते. वांकड्या काटक्यांची मोळी कितीही आवळली तरी सैल राहते आणि सरळ काटक्यांची घट्ट बसते, हें कोणीही सांगेल. वांकड्या मेदाम्लांचें म्हणूनच पातळ तेल होतें आणि सरळ मेदाम्लांचा घट्ट मेद. या सरळ झालेल्या, पण दुहेरी सांधा राखून असलेल्या जातीस शास्त्रज्ञ 'ट्रान्स' मेदाम्लें म्हणतात.

आतां जर्मनीकडे वळूं. १९०१ सालीं विल्हेल्म नॉर्मान या रसायनशास्त्रज्ञानें ओलेइक आम्लांत निकेल धातूची बारीक पूड घालून हायड्रोजन वायु सोडला आणि त्या पातळ आम्लाचें घट्ट स्टिअरिक आम्ल बनविलें. वायुरूप पदार्थांवर अशी क्रिया फ्रान्समध्यें पॉल साबातियेनें आधींच साधली होती. त्याबद्दल त्याला १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पातळ तेलावर ती साधून दाखविण्याचें श्रेय नॉर्मानचें. त्यानें १९०२ सालीं जर्मनींत व पुढील वर्षीं इंग्लंडांत पेटंट घेतलें. प्रथम या घट्ट तेलाकडे साबणवाल्यांचें लक्ष गेलें. पण लवकरच तें खाण्यासाठींही चालेल हें व्यापाऱ्यांनीं ताडलें. अमेरिकेंत १९११ सालीं सरकीच्या तेलापासून केलेला 'क्रिस्को' बाजारांत आला. स्वस्त तेलापासून, न खवटतां महिनोगणती टिकणारा घट्ट मेद आतां कारखान्यांत हवा तितका निघूं लागला.

येथें एक मेख होती. तेलांत हायड्रोजन पूर्णपणें भरला तर सगळे दुहेरी सांधे नाहींसे होतात आणि मेणबत्तीसारखा कठीण गोळा बनतो; तो कोण खाणार? म्हणून क्रिया मध्येंच थांबवावी लागे. या अर्धवट क्रियेंत निकेलच्या पृष्ठभागावर कांहीं सांधे सुटत आणि पुन्हा जुळत. जुळतांना पुष्कळांचा वांक जाऊन ते सरळ होत. म्हणजे बूदेनें १८३२ सालीं बाटलींत पाहिलेलें तें जुळें भावंड आतां टनावारी तयार होऊन माणसाच्या ताटांत येत होतें. तें तेथें आहे हें रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होतें. तें पोटांत गेल्यावर काय करतें, हें विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं.

हिंदुस्थानांत हा पदार्थ पहिल्या महायुद्धानंतर युरोपांतून, विशेषतः हॉलंडमधून, येऊं लागला. येथें लोण्याच्या प्रतिकृतीपेक्षां तुपाच्या प्रतिकृतीला गिऱ्हाईक होतें, म्हणून तो रवाळ करून विकला जाई. १९३१ सालीं हिंदुस्तान वनस्पति मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि मुंबईस शिवडी येथें तिचा कारखाना उभा राहिला. १९३७ सालीं 'डालडा' हें नांव बाजारांत आलें. माल मागविणाऱ्या 'दादा' नांवाच्या पेढीच्या नांवांत लिव्हर कंपनीचें एक 'ल' अक्षर घालून तें बनविलें, असें सांगतात. ताडामाडाचें चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाल्यावरही घराबाहेर जात नसे. कोणाकडे त्यांत डाळ भरली जाई, कोणाकडे तुळस लावली जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत साजूक तूप दुर्मिळ व महाग झालें, तशी या डब्याची सत्ता वाढत गेली.

विरोधही तितकाच जोराचा झाला. महात्मा गांधींनीं १९४६ सालीं 'हरिजन' पत्रांतून वनस्पति तुपाविरुद्ध लिहिलें. तेलाला तुपाचें सोंग देऊन विकणें ही लोकांची फसवणूक आहे, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. गोपालन करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, साजूक तुपांत हा माल मिसळून विकला जातो आणि त्यामुळें प्रामाणिक तूपवाला बुडतो. त्याला एखादा रंग द्यावा, म्हणजे भेसळ उघडी पडेल, अशी सूचना पुढें आली. परंतु निरुपद्रवी, टिकाऊ आणि कढवूनही न जाणारा असा रंग कांहीं मिळाला नाहीं. अखेर वनस्पति तुपांत शेंकडा ५ तिळाचें तेल घालण्याचें बंधन आलें. तिळाच्या तेलावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर यांची क्रिया झाली म्हणजे लाल रंग उमटतो. तेव्हां संशयित तुपांत वनस्पति आहे कीं नाहीं, हें प्रयोगशाळेंत चटकन् कळूं लागलें. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुमारास पंडित ठाकुरदास भार्गव यांनीं वनस्पति तुपावर सरसकट बंदी घालण्याचें विधेयक संसदेपुढें आणलें. पण तें संमत झालें नाहीं.

या वादांत प्रकृतीचा प्रश्नही निघाला होता. वनस्पति तुपावर पोसलेल्या उंदरांच्या तिसऱ्या पिढीस आंधळेपण येतें, असा एक प्रवाद देशभर पसरला आणि पुष्कळ सुशिक्षित घरांतही तो खरा मानला गेला. तेव्हां सरकारच्या प्रेरणेनें निरनिराळ्या प्रयोगशाळांतून उंदरांवर पद्धतशीर प्रयोग करण्यांत आले. त्यांचा निष्कर्ष असा निघाला कीं, ३७ अंशांच्या आंत वितळणारें वनस्पति तूप आणि शेंगदाण्याचें तेल यांत वाढ व पोषण या दृष्टींनीं हानिकारक असा फरक नाहीं. ३७ अंश म्हणजे मनुष्यदेहाची उष्णता. तेवढ्यांत जो मेद वितळतो तो पचतो, असा त्यामागील विचार. साजूक तुपांतील 'अ' जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें ही उणीव मात्र मान्य झाली आणि पुढें तें बाहेरून घालण्याचा नियम झाला. असा निर्वाळा मिळाल्यावर सुशिक्षितांनीं वनस्पति तुपाचा विरोध हा जुन्या लोकांचा हट्ट ठरविला.

त्या शास्त्रज्ञांना आज दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांनीं प्रयोग प्रामाणिकपणें केले आणि जें दिसलें तें सांगितलें. परंतु त्यांनीं मोजलें काय? उंदराचें वजन, त्याची वाढ, त्याची पिलें, त्याचें पचन. प्रश्नपत्रिकेंत जो प्रश्नच घातलेला नाहीं, त्याचें उत्तर उत्तरपत्रिकेंत शोधून मिळावयाचें नाहीं. चाळीस वर्षें हा पदार्थ खाल्लेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची काय अवस्था होते, हा प्रश्न त्या पत्रिकेंत नव्हता. रक्तांतील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे निरनिराळे कण वेगळे करून मोजण्याचीं साधनेंही त्या वेळीं जेमतेम जन्मास येत होतीं.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक नांव आदरानें घेतलें पाहिजे. फ्रेड कमेरो हे अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतले प्राध्यापक. १९५७ सालीं त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांबरोबर मृत माणसांच्या शरीरांतील पेशीजालें तपासलीं आणि तेथें ट्रान्स मेदाम्लें सांठलेलीं आढळल्याचें प्रसिद्ध केलें. पण त्या काळीं सर्वांचा रोख प्राण्यांच्या चरबीवर होता. किंबहुना १९८० नंतरच्या दशकांत चरबी हृदयास वाईट म्हणून अमेरिकेंतील अनेक उपाहारगृहांनीं ती टाकली आणि तिच्या जागीं हायड्रोजन दिलेलें वनस्पतितेलच आणलें. आगींतून फुफाट्यांत म्हणतात तें हें.

१९९० सालीं हॉलंडमधील मेन्सिंक आणि काटान या शास्त्रज्ञांनीं ५९ निरोगी स्त्रीपुरुषांवर एक साधा प्रयोग केला. प्रत्येकास तीन आठवडे एक, याप्रमाणें तीन प्रकारचे आहार दिले. फरक केवळ मेदाम्लांच्या जातीचा. ट्रान्स मेदाम्लांच्या आहारानें रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढलें आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटलें. संपृक्त मेद, म्हणजे तुपालोण्यांत असतो तो, अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो खरा, पण हितकारक कोलेस्टेरॉल घटवीत नाहीं. ट्रान्सनें दोन्ही बाजूंनीं नुकसान केलें. ध्यानांत घ्या कीं, या प्रयोगास पिढ्या लागल्या नाहींत. नऊ आठवडे लागले. अडलें होतें तें योग्य प्रश्नासाठीं आणि तो मोजण्याच्या योग्य मापासाठीं. १९९३ सालीं वॉल्टर विलेट यांच्या मंडळानें ८५,००० हून अधिक परिचारिकांची आठ वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या आहारांत ट्रान्स मेद अधिक, त्यांना हृदयविकार अधिक, असेंच तींतही दिसून आलें.

पुढील पाऊल शासनांचें. डेन्मार्कनें २००३ सालीं १०० ग्रॅम मेदांत २ ग्रॅमहून अधिक कारखानी ट्रान्स मेद असूं नये असा कायदा केला. असें करणारें तें पहिलें राष्ट्र. अमेरिकेंत कमेरो यांनीं २००९ सालीं सरकारकडे रीतसर अर्ज केला; उत्तर येईना म्हणून २०१३ सालीं वयाच्या ९८ व्या वर्षीं त्यांनीं सरकारी खात्यावर दावा लावला. २०१५ सालीं त्या खात्यानें अर्धवट हायड्रोजन दिलेलीं तेलें 'सामान्यतः निर्धोक' पदार्थांच्या यादींतून काढलीं व २०१८ पासून हा निर्णय अमलांत आला. कमेरो २०१७ सालीं वारले. तेही शेव्रलप्रमाणें १०२ वर्षें जगले.

आपल्या देशांत २००९ सालीं दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनें बाजारांतील वनस्पति तुपें तपासलीं. त्यांत डेन्मार्कच्या मर्यादेच्या पांचपासून बारापट ट्रान्स मेद सांपडला. त्यानंतर आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें पायरीपायरीनें मर्यादा उतरविली : प्रथम शेंकडा १०, २०१६ मध्यें ५, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २. शिवडीच्या कारखान्याच्या स्थापनेपासून या नियमापर्यंत नव्वद वर्षें गेलीं. या नव्वद वर्षांत तीन पिढ्या जेवल्या.

तर मग मेदाम्लें हा शब्द वेष्टनावर दिसतांच घाबरावें काय? मुळींच नाहीं. मेदाम्लांवांचून शरीर चालत नाहीं. कांहीं तर अन्नांतूनच मिळावीं लागतात. सुट्या रूपांत स्टिअरिक, पामिटिक इत्यादि मेदाम्लें खाद्यपदार्थांत पूरक म्हणून अल्प प्रमाणांत घालतात; आंतरराष्ट्रीय यादींत त्यांचा क्रमांक ५७० आहे. ग्लिसरीनशीं त्यांचा संयोग करून बनविलेला, पावांत व आइस्क्रीममध्यें वापरला जाणारा ४७१ क्रमांकाचा पदार्थही सुपरिचित आहे. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेनें २०१७ सालीं दोहोंची फेरतपासणी केली आणि सध्यांच्या वापराच्या प्रमाणांत त्यांपासून धोका नाहीं असें मत दिलें. साजूक तुपांतही निसर्गतः थोडें ट्रान्स मेदाम्ल असतें, कारण तें गाईम्हशींच्या पोटांतच तयार होतें. आणि संपृक्त मेद तर त्यांत भरपूर असतो. म्हणून साजूक तूप म्हणजे अमृत व बाकी सर्व विष, असा अर्थ या भाषणांतून काढूं नये. शिवाय ट्रान्स गेल्यावर कारखान्यांनीं त्याच्या जागीं बहुतेक ठिकाणीं पामतेल आणलें आहे. त्यांतला संपृक्त मेदही बेतानेंच खावयाचा आहे.

मात्र निर्वाळा ऐकतांना आपण तीन गोष्टी विचारूं शकतों. काय मोजलें? किती काळ मोजलें? आणि कशाशीं तुलना केली? १९४० नंतरच्या दशकांतील प्रयोगांना हे तीन प्रश्न कोणी त्याच वेळीं केले असते, तर उत्तर आलें असतें : उंदराची वाढ, थोडा काळ, शेंगदाण्याच्या तेलाशीं. एवढें कळल्यावर शहाण्या गृहिणीनें डबा फेकून दिला नसता कदाचित्. पण रोजची पोळी आणि रोजची फोडणी त्यावर सोंपविली नसती.

गांधीजींचा आक्षेप सोंगाविरुद्ध होता, शास्त्रज्ञांचें उत्तर पोषणाविषयीं होतें, आणि अपाय तिसऱ्याच ठिकाणीं, साखळीच्या एका सरळ झालेल्या सांध्यांत, लपलेला होता. वादाच्या दोन्ही बाजूंस तो दिसला नाहीं. जुन्या लोकांचा संशय बरोबर ठरला, पण त्यांनीं दिलेलीं कारणें बरोबर नव्हतीं; शास्त्रज्ञांचीं मापें बरोबर होतीं, पण त्यांवरून काढलेलें आश्वासन मापांपेक्षां मोठें होतें. तो निर्वाळा खोटा नव्हता. तो अपुरा होता, आणि अपुरा आहे हें त्यावर कोठें लिहिलेलें नव्हतें.

बंद पुड्यावर आतां ट्रान्स मेदाचें प्रमाण छापलेलें असतें, तें वाचून घ्यावें. सुटी खारी, सुटा फरसाण आणि हलवायाची मिठाई यांवर कांहींच छापलेलें नसतें. तेथें दुकानदारास कोणत्या तेलांत केलें म्हणून विचारावें, आणि उत्तर मिळालें नाहीं तर माल थोडा कमी घ्यावा.